रविवारची कवळी

मास्तरांनी जन्मात कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, पण दवाखान्यात सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली त्यांची खोली होती आणि तिथे बसून सव्वीस वर्षं ते एकच काम करत आले होते, म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या. एक लांब टेबल, वर खाली करता येणारा दिवा, पॉलिशचं घरघरणारं चाक आणि सगळ्यावर प्लास्टरची पांढरी भुकटी. संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत. बायको दारातच म्हणायची, आधी तोंड धुवा, मग तुम्ही कोण ते ओळखू.

काम सांगायला सोपं आहे. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेणार, तो मागे येणार. मास्तर त्या ठशात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा करणार आणि त्या साच्यावर कवळी घडवणार. कवळी तयार झाली की ती साच्यावर ठेवून अंगठ्याने दाबायची. टक् असा बारीक आवाज यायचा. "बसली," मास्तर म्हणायचे, आणि डबीत घालून पुढे पाठवायचे. तोंड ज्याचं त्याला त्यांनी क्वचितच पाहिलेलं असे.

आणि चकाकी म्हणाल तर विचारू नका. कड अशी गुळगुळीत की बोट फिरवलं तर कुठे अडकणार नाही. टेबलाला एक खण होता, परत आलेल्या कवळ्यांसाठी. तो कायम रिकामा. कुणी नवा माणूस खोलीत आला की मास्तर तो खण मुद्दाम ओढून दाखवत. "बघा," ते म्हणत, "झुरळसुद्धा नाही."

आता मास्तरांचा स्वभावही सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस सज्जन. लांडीलबाडी करणारा नाही, चहाडी करणारा नाही. पण नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. कुणी कामात खोट काढली की ते भांडत नसत. भांडले असते तर बरं झालं असतं. ते गप्प बसत. तोंड शिवल्यासारखे, मोजून आठ दिवस. चहा नको, डबा एकट्याने खाणार, विचारलं तर मान हलवणार. फार पूर्वी मोठ्या डॉक्टरांनी एकदा कसलीशी तक्रार सांगितली होती, तेव्हा हा प्रकार सगळ्या दवाखान्याने भोगला होता. त्यानंतर मोठे डॉक्टर काही म्हणून बोलले नाहीत. मास्तरांना वाटलं, काही बोलण्यासारखं राहिलंच नाही.

मग मोठे डॉक्टर थकले, घरी बसले, आणि त्यांच्या जागी नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वय तिशीच्या आसपास, चप्पल वाजवत चालणार, सगळं वहीत लिहून ठेवणार. पहिल्या महिन्यात त्यांनी काही केलं नाही. दुसऱ्या महिन्यात त्या जुन्या पेशंटना फोन करत बसल्या. मास्तरांच्या कानावर आलं, तेव्हा ते हसले. म्हणाले, करू दे, तेवढंच म्हाताऱ्यांना बरं वाटेल.

एका सोमवारी सकाळी बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि वही उघडली. पन्नास जणांना फोन झाले होते. सात जण या जगात नव्हते. राहिलेल्या त्रेचाळीसांपैकी एकोणतीस जण जेवायला बसताना कवळी काढून ठेवत होते. एका आजोबांची पेल्यात होती, एका आजींची देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात, एकीने तर सांगितलं की मी फोटोपुरती घालते. आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली, ती मास्तरांना सगळ्यात लागली. मोठे डॉक्टर जमेल तेव्हा खुर्चीपाशीच कवळीची कड चोरून घासून द्यायचे आणि मास्तरांना कळू देऊ नका म्हणायचे.

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कारणांची रांगच लावली. माणसं आळशी असतात, सवय करून घेत नाहीत. हिरड्या झिजतात, त्याला कवळी काय करणार? नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत. बाई ऐकून घेत होत्या. मग त्यांनी टेबलावरची एक कवळी उचलली आणि तिच्या पुढच्या कडेवर बोट ठेवलं.

इथे वाचणाऱ्याने जरा जिभेचं टोक वरच्या ओठाच्या आत, अगदी मधोमध न्यावं. कातडीची एक बारीक दोरी लागेल. ओठ हलला की ती हलते. तिच्यासाठी कवळीच्या कडेला एक खाच ठेवावी लागते. खाच नसेल तर माणूस बोलताना, हसताना, चावताना ती दोरी कडेवर घासते, कापते, नाहीतर कवळीच उचलून देते. ठशात ती दोरी उमटते, प्लास्टरमध्येही येते. मास्तरांना ती दिसायची. पण खाच ठेवली की कड फुटक्या कपासारखी दिसायची आणि ते त्यांच्या डोळ्यांना खपायचं नाही. म्हणून सव्वीस वर्षं ते साच्यावरची ती दोरी आधी पात्याने खरवडून सपाट करत आले होते. मग काय, कवळी साच्यावर टक् करून बसणारच. साचाच त्यांनी आपल्या सोयीचा करून घेतलेला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "तुमची कवळी प्लास्टरवर बसते. माणसाच्या तोंडात बसत नाही."

आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे त्यावर चिडताही येईना. बाईंनी पुढचं सांगितलं. उद्या मंगळवारी त्यांनी काही जुने पेशंट बोलावले होते. मास्तरांनी खुर्चीपाशी उभं राहून बघायचं, ऐकायचं आणि पुन्हा शिकायचं. ते जमणार नसेल तर पुढच्या महिन्यापासून कवळ्यांचं काम बाहेर जाईल. मास्तरांना दुसरं काही येत नव्हतं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी जिन्याखालची ती खोली सोडून कुठे जायचं हेही माहीत नव्हतं.

तरी ते उठताना ताठ उठले. हुकमाचं पान त्यांच्या हातात होतं. "माझ्या आईला विचारा," ते म्हणाले. "सहा वर्षं माझीच कवळी वापरते. एक दिवस कुरकूर नाही."

"मग त्यांनाही आणा उद्या," बाई म्हणाल्या.

आई ताईकडे, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीकडे राहायची. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि आईचे गुडघे दुखरे, म्हणून तसं ठरलं होतं. मास्तर दर रविवारी सकाळी अकराला तिला भेटायला जात. बरोबर भाजलेल्या शेंगदाण्यांची पिशवी, कारण आईला शेंगदाण्यांचं जन्माचं वेड. दात पडल्यावर तिने पहिलं दुःख केलं ते शेंगदाण्यांचं. म्हणून तर त्यांनी जीव ओतून तिची कवळी केली होती. पुढच्या रविवारी शेंगदाण्यांचा डबा रिकामा दिसला की मास्तरांची छाती फुगायची. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आई पाव किलो शेंगदाणे संपवते, आणखी काय पुरावा हवा?

उद्याचं सांगायला ते त्याच दुपारी ताईकडे गेले. वार सोमवार. दार नुसतं लोटलेलं होतं. ते चपला काढून थेट स्वयंपाकघरात शिरले.

आई टेबलाशी जेवत होती. ताटलीतला भात तिने चमच्याने पार लगदा करून ठेवला होता. तिचे गाल आत गेले होते, ओठ आत वळले होते, हनुवटी नाकाला भिडायला आली होती. मास्तरांनी हा चेहरा सहा वर्षांत पाहिला नव्हता. तिने वर पाहिलं आणि मुलगा दिसताच चटकन हात तोंडावर धरला. दुखऱ्या गुडघ्यांची आई ताडकन उठली, भिंतीला धरत फ्रिजपाशी गेली, वरचा डबा चाचपला, त्यांच्याकडे पाठ केली आणि कवळी तोंडात बसवली. वळली तेव्हा पांढरीशुभ्र बत्तिशी दाखवत हसत होती. चोरी करताना सापडलेलं लहान मूल हसतं तशी.

"ये, बस," ती म्हणाली. "आज कसा काय?"

ताई ओट्याशी हातात झारा घेऊन तशीच उभी. मास्तर आईच्या तोंडाकडेच बघत होते. आईने ते ओळखलं, शेजारच्या ताटलीतला काकडीचा तुकडा उचलला, जो ताईसाठी असणार, आणि मास्तरांच्या देखत चावायला लागली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तरी ती हसतच होती.

मास्तरांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपण सकाळी डॉक्टरीणबाईंसमोर हिचंच नाव छाती ठोकून घेतलं होतं.

"काढ, आई," ते म्हणाले.

तिने ऐकलं नाही. मग ताईने झारा खाली ठेवला. ती मास्तरांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि सहा वर्षं साठलेलं तिलाही धरवेना. आई रविवारी साडेदहाला कवळी घालते आणि तू दाराबाहेर पडलास की काढते, असं तिने सांगितलं. मधला दीड तास ती कमी बोलते, तुला वाटतं म्हातारपणाने शांत झाली. शेंगदाणे मी मिक्सरमधून काढते, ती भुकटी चमच्याने खाते. पहिल्या वर्षी ओठाच्या आत जखम झाली, ती आम्ही मिठाच्या पाण्याने बरी केली. किती वेळा म्हटलं सांगूया म्हणून, तर आई म्हणायची, आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करणार?

मास्तर खुर्चीत बसले होते. त्यांचे कान तापले होते आणि नजर टेबलावरून उठत नव्हती. त्यांना जुनी सवय आठवली. उठावं, निघून जावं, आठ दिवस कुणाशी बोलू नये. पाय तसे वळलेही. पण जाणार कुठे? दवाखान्यात एकोणतीस माणसं आणि इथे तिसावी आई.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

आईने आता कवळी काढली होती आणि पदराने ओठ टिपत होती. तिचं बोलणं दातांशिवाय जरा फुसफुसत होतं, पण शब्द स्पष्ट होते. ती म्हणाली, तू सात वर्षांचा असताना घोड्याचं चित्र काढलं होतंस. फार सुंदर होतं. मी म्हटलं, अरे, याला पाय पाच झालेत. तू आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीस. जेवायलासुद्धा शेजाऱ्यांकडे जाऊन बसायचास.

"दातांशिवाय मला चालतं रे," ती म्हणाली. "रविवारी तू नाही आलास तर चालत नाही."

मास्तर रडले नाहीत, रडण्याचीसुद्धा लाज वाटत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. पुरावा शोधायला ते ज्या घरी आले, तिथेच तो सहा वर्षं फ्रिजवरच्या डब्यात पडून होता. आणि खरी शरमेची गोष्ट कवळी नव्हतीच. कवळी चुकते, कुणाचीही चुकते. पण ज्या माणसाने तोंडात दात बसवायचे, त्याने आजूबाजूच्या सगळ्यांची तोंडं बंद करून ठेवली होती. मोठे डॉक्टर, ताई, आई. त्यांचा तो रिकामा खण त्यांना आठवला.

मंगळवारी ते आईला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत दोनदा मनात आलं, आईला बरं नाही असं सांगून टाकावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आई शेजारी बसून त्यांच्याकडेच बघत होती, म्हणून काही बोलता आलं नाही. बाईंच्या खोलीत गेल्यावर ते म्हणाले, ही माझी आई, साक्षीला नाही आणली, पेशंट म्हणून आणलीय. बाईंनी फक्त मान डोलावली आणि आईला खुर्चीत बसवलं. एखादीने "मी म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं असतं. बाई तसं बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे मास्तरांना जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

बाईंनी ओठ वर केला आणि आरसा मास्तरांच्या हातात दिला. ते वाकले. दोरीच्या दोन्ही बाजूंना पांढरट, जाड घट्टा पडला होता, चप्पल चावून पायाला पडतो तसा. बाई म्हणाल्या, आजी, बोला काहीतरी. आईने मुलाला थंडीत बाहेर पडताना कानाला रुमाल बांधत जा म्हणून सांगितलं. ती बोलत होती तशी ती दोरी खाली वर, खाली वर होत होती. सव्वीस वर्षांत मास्तरांनी ती हलताना कधी पाहिलीच नव्हती. प्लास्टरमध्ये ती हलत नाही.

त्या दिवशी आणखी चार जण आले. त्यांतले एक निवृत्त पोस्टमन फार मोकळ्या तोंडाचे निघाले. मास्तर कोण ते कळताच त्यांनी सगळं ऐकवलं. नातीच्या लग्नात शिंक आली आणि वरची कवळी थेट व्याह्यांच्या ताटात. तेव्हापासून व्याही शेजारी बसत नाहीत म्हणाले, तेवढा एक फायदा झाला. खोलीतले सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. बाईंनी दिलेल्या वहीत त्यांनी लिहिलं, शिंकताना वरची सुटते, आणि विचारलं, जांभई देताना काय होतं? पोस्टमन गंभीर झाले आणि नीट सांगू लागले. दुपारपर्यंत मास्तरांनी सहा पानं भरली.

आईची जुनी कवळी त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. महिनाअखेरीस तिथे आणखी अकरा जमल्या.

आईची नवी करायला घेतली तेव्हा साचा समोर होता, मधोमध ती दोरी, आणि हाताला खाज सुटत होती. पातं दोनदा हातात आलं. सव्वीस वर्षांचा हात, तो काय एका दिवसात सुधारतो? मास्तरांनी पातं शेवटी खोलीबाहेर, जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवलं. खाच ठेवलेली कड त्यांना अजूनही फुटक्या कपासारखीच दिसत होती.

त्याच आठवड्याच्या रविवारी ते कवळी, बारीक कानस आणि शेंगदाण्यांची पिशवी घेऊन ताईकडे गेले. आईने कवळी घातली, दोनदा तोंड मिटलं उघडलं आणि म्हणाली, "छान आहे."

मास्तरांना तो शब्द ओळखू आला. सहा वर्षं दर रविवारी त्यांनी तो ऐकला होता. ते आईसमोर जमिनीवर बसले.

"छान म्हणू नकोस," ते म्हणाले. "कुठे टोचतं ते सांग."

आईने आधी त्यांचा चेहरा बघितला. ताईनेही हातातलं काम थांबवलं. मग आईने डाव्या गालावर बोट ठेवलं, मागच्या बाजूला, अगदी हलकेच, केव्हाही काढून घेता येईल असं. मास्तरांनी कवळी घेतली, घासली, धुतली, परत दिली. आता उजवीकडे जड वाटते म्हणाली. ती बाजू घासली. मग पुढे जीभ अडते. मग पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल होत होत्या, आणि आई प्रत्येक वेळी आधी त्यांचा चेहरा बघून मगच बोलत होती. पाचव्या खेपेला तिने चेहरा न बघताच सांगितलं.

सहाव्या खेपेला तिने काही न बोलता पिशवीकडे हात केला. एक शेंगदाणा उचलून दाढांखाली ठेवला. कुडुम असा आवाज झाला. ताईने तोंडाला पदर लावला. आई शांतपणे चावत होती, डोळे मिटून, आणि डोळ्यांत पाणी आलं नाही. तिने गिळला.

"खवट आहे," आई म्हणाली.

मास्तरांनी एक दाणा तोंडात टाकला. खवटच होता. सहा वर्षं त्यांनी पिशवी आणली, पण त्यातला एक दाणा कधी खाऊन बघितला नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून," आई म्हणाली, आणि आता मात्र तिने पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं.

मास्तरांचे कान तापले. मान आपोआप खाली गेली. पण ते उठले नाहीत. पिशवीचं तोंड त्यांनी दुमडलं, ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मग कुठल्या दुकानातून आणू ते सांग." आई सांगू लागली, आणि बराच वेळ सांगत राहिली.